पापनिवेदनातली भरपाई कुठे गेली? धर्मगुरू आणि धर्मशिक्षकांना खुले पत्र

आदरणीय धर्मगुरूंनो आणि धर्मशिक्षण देणाऱ्या बंधुभगिनींनो,

'फादरांना पापे सांगितली की ती माफ होतात.' प्रायश्चित्त संस्काराची, म्हणजे पापनिवेदनाची, तयारी करून घेताना हे वाक्य मुलांना सांगितले जाते आणि म्हातारपणापर्यंत ते तसेच मनात राहते. सोपे आहे, पटकन पाठ होते. पण माफ कोण करतो हे त्यातून कळत नाही, पश्चात्तापाचा त्यात उल्लेख नाही, आणि ज्याचे पैसे बुडवले, ज्याची बदनामी केली, तो माणूस तर त्यात कुठेच नाही. संस्कारांची तयारी करून घेणारे प्रापंचिक म्हणून आम्हाला ही शेवटची उणीव सगळ्यांत जास्त बोचते. प्रायश्चित्तकाळ सुरू करणारा राखेचा बुधवार येण्याआधी हे पत्र लिहितो आहोत ते त्यासाठी.

आधी क्षमा कोण करतो ते. मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात येशू पक्षाघाती माणसाला 'तुझ्या पापांची क्षमा झाली आहे' असे म्हणतो, तेव्हा तिथे बसलेले शास्त्री मनात म्हणतात, देवाशिवाय पापांची क्षमा कोण करू शकतो? त्यांचा सिद्धांत बरोबरच होता. समोर कोण उभा आहे हे त्यांना ओळखता आले नाही. ख्रिस्तसभाही (चर्चही) हेच शिकवत आली आहे की क्षमा फक्त देव करतो. मग धर्मगुरू कशासाठी? याचे उत्तर योहानाच्या विसाव्या अध्यायात आहे. पुनरुत्थानाच्या दिवशी संध्याकाळी येशू शिष्यांवर फुंकर घालतो, पवित्र आत्मा घ्या म्हणतो, आणि ज्यांच्या पापांची क्षमा तुम्ही कराल त्यांची ती झाली आहे, असे सांगतो. त्याच्या आधीचे वाक्य बहुतेकदा वाचायचे राहून जाते: पित्याने मला पाठवले तसे मी तुम्हाला पाठवतो. ज्याला निरोप देऊन पाठवले त्याला तो बदलता येत नाही, आणि दाबूनही ठेवता येत नाही.

निवेदनाच्या शेवटी धर्मगुरू म्हणतो त्या पापमुक्तीच्या शब्दांतच हे सगळे आले आहे. १९७३ च्या विधीप्रमाणे त्यांचे दोन भाग आहेत. दयाळू पित्याने पुत्राच्या मरणाने व पुनरुत्थानाने जगाचा आपल्याशी समेट केला, पापांच्या क्षमेसाठी पवित्र आत्मा पाठवला, तोच देव ख्रिस्तसभेच्या सेवेद्वारे तुला क्षमा आणि शांती देवो, हा पहिला भाग. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुला तुझ्या पापांतून मुक्त करतो, हा दुसरा. अत्यावश्यक शब्द दुसऱ्या भागातले आहेत. मरणाच्या दारात असलेल्या माणसासाठी तेवढे पुरतात. पण क्षमेत ख्रिस्तसभेचे काम कोणते, हे पहिला भाग सांगतो आणि नेमका तोच कोणाला ऐकू येत नाही. कारण साधे आहे. 'आता पश्चात्तापाची प्रार्थना म्हण' असे सांगून फादर लगेच स्वतःचे शब्द सुरू करतात. पापनिवेदनाच्या जागेतल्या जाळीच्या अलीकडे एक जण पाठ केलेली प्रार्थना म्हणतो आहे, पलीकडे दुसरा पुटपुटतो आहे, आणि ज्या वाक्यासाठी माणूस इतका धीर गोळा करून आला ते वाक्य त्याच्या कानावर पडतच नाही. फादर, एवढे कराच: त्याची प्रार्थना पूर्ण होऊ द्या, मग हात पुढे करा आणि दोन्ही भाग त्याला समजतील अशा वेगाने म्हणा. अर्धे मिनिटही लागत नाही.

'देवाकडे थेट क्षमा मागता येत असेल तर मध्ये ख्रिस्तसभा कशाला?' हा प्रश्न तरुण विचारतात. त्यांना गप्प करू नका. प्रश्न रास्त आहे. योहानाच्या पहिल्या पत्रात (१:९) आपण पापे पदरी घेतली तर देव क्षमा करतो असे स्वच्छ लिहिले आहे, आणि रोजच्या लहान पापांची क्षमा प्रार्थनेने, दानाने, मिस्सेतल्या पश्चात्तापाने होते हे कॅथलिक शिकवणीतही आहेच. धर्मगुरूपुढे सांगणे बंधनकारक आहे ते गंभीर पापांपुरते. पापाची इजा मात्र देव आणि मी एवढ्यातच राहत नाही, ती सगळ्या समुदायाला होते. म्हणून समेटही समुदायाशी व्हावा लागतो. पहिल्या काही शतकांत हे डोळ्यांना दिसत असे. मूर्तिपूजा, खून, व्यभिचार अशा पापांनंतर माणसाला प्रायश्चित्त करणाऱ्यांच्या रांगेत उभे राहावे लागे, ख्रिस्तशरीर (मिस्सेतला पवित्र प्रसाद) त्याला मिळत नसे, महिने किंवा वर्षे जात, आणि शेवटी बिशप त्याच्यावर हात ठेवून त्याला परत आत घेत. रोममध्ये हे पवित्र गुरुवारी होई. स्नानसंस्कारानंतर अशी संधी आयुष्यात एकदाच. वाट इतकी कठीण झाली की लोक ती मरणापर्यंत पुढे ढकलू लागले. सहाव्या-सातव्या शतकांत आयर्लंडच्या मठवासींनी खासगीत, पुन्हा पुन्हा करता येणारे पापनिवेदन युरोपात नेले. त्यांच्याकडे कोणत्या पापाला किती दिवस उपवास याच्या याद्याच असत. १२१५ साली लॅटरनच्या चौथ्या धर्मपरिषदेने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करण्याचा नियम घालून दिला, आणि गुप्तता मोडणाऱ्या धर्मगुरूला पदावरून काढून आयुष्यभर मठात प्रायश्चित्त करायला लावण्याची शिक्षा ठरवली. १५५१ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने पश्चात्ताप, निवेदन आणि प्रायश्चित्त ही पापी माणसाची तीन कृत्ये आणि धर्मगुरूची पापमुक्ती असा आराखडा पक्का केला. तोच आज आपण शिकवतो.

हा इतिहास वर्गात दहा मिनिटांत सांगता येतो, आणि सांगावा. पद्धती बदलत गेल्या तरी आतला सांधा कोणता हे त्यातून कळते. प्रॉटेस्टंट मंडळ्यांतल्या शेजाऱ्यांविषयी बोलतानाही तो उपयोगी पडतो. १५३० च्या ऑग्सबर्गच्या कबुलीजबाबात, म्हणजे आपल्या श्रद्धेच्या जाहीरनाम्यात, लूथरच्या अनुयायांनी खासगी पापमुक्ती टिकवावी असेच लिहिले; प्रत्येक पापाची मोजदाद मात्र आवश्यक नाही असे म्हटले. 'ते पापनिवेदन मानत नाहीत' हे सरसकट विधान कृपया करू नका.

आता मोजदादीविषयी, कारण सगळा वर्ग तिच्यातच अडकतो. पाप गंभीर ठरायला तीन गोष्टी एकत्र लागतात: बाब गंभीर असणे, ते चूक आहे हे पुरते ठाऊक असणे, आणि जाणूनबुजून संमती देणे. यातली एक कमी असेल तर ते गंभीर पाप ठरत नाही. गंभीर पापांचा प्रकार आणि संख्या सांगायची, आणि पापाचे स्वरूपच बदलेल अशी परिस्थिती असेल तर तीही. चोरी केली एवढे पुरत नाही. विश्वासाने सोपवलेले पैसे खाल्ले असतील तर ते सांगावे लागते. पण कोणत्या दुकानातून, कोणाच्या सांगण्यावरून, त्या दिवशी पाऊस होता की नाही, हे लागत नाही. सोबतच्या माणसाचे नाव तर धर्मगुरूने विचारायचेच नाही. कॅनन कायद्याच्या (चर्चच्या कायद्याच्या) ९७९ व्या कलमात तशी स्पष्ट मनाई आहे. नवऱ्याची, सासूची, शेजाऱ्याची पापे सांगणाऱ्यांना हळूच थांबवून 'यात तुमचे काय?' एवढेच विचारावे.

विसरलेले पाप बाकीच्यांबरोबर माफ झालेलेच असते. आठवले की पुढच्या वेळी सांगायचे, तोवर ख्रिस्तशरीर घ्यायला हरकत नाही. मुद्दाम लपवलेल्या गंभीर पापाचे तसे नाही. तेव्हा ते निवेदनच अवैध ठरते आणि सगळे पुन्हा सांगावे लागते. हा फरक नीट शिकवला नाही की भित्री माणसे विसरलेल्यालाही लपवलेले समजतात आणि दर आठवड्याला तेच पाप घेऊन येतात. अशा व्यक्तीला नवनव्या धर्मगुरूंकडे जाऊ देऊ नये, एकच ठेवावा, आणि त्याने माफ झालेल्या पापांची पुनरावृत्ती ठामपणे थांबवावी. तिला आणखी बारीक आत्मपरीक्षणाची यादी देणे म्हणजे जखम उकरणे.

शरम म्हणजे पश्चात्ताप, असाही समज आहे. पकडले गेल्याची शरम वाटते, लोक काय म्हणतील याची वाटते. त्यात पापाचा तिटकारा असेलच असे नाही. पश्चात्तापात पापाचे दुःख असते आणि पुन्हा न करण्याचा निश्चय असतो. देवाच्या प्रेमापोटी झाला तर तो पूर्ण, शिक्षेच्या भीतीने झाला तर अपूर्ण; संस्कारासाठी अपूर्णही चालतो. भावना दाटून येणे, रडू येणे ही अट नाही. पूर्ण पश्चात्तापाबद्दल एक गोष्ट घरोघरी माहीत हवी: मरण समोर आहे आणि धर्मगुरू पोहोचू शकत नाही, तेव्हा देवावरच्या प्रेमाने केलेला पश्चात्ताप, शक्य होताच पापनिवेदन करण्याच्या निश्चयासह, गंभीर पापांचीही क्षमा मिळवून देतो. रुग्णाच्या उशाशी बसलेल्या कुटुंबाने नुसती फोनची वाट पाहत राहू नये. त्याच्या कानात बायबलमधले क्षमायाचनेचे स्तोत्र ५१ सावकाश म्हणावे.

आणि आता ज्यासाठी हे पत्र आहे ती गोष्ट. 'प्रायश्चित्त म्हणून तीन नमो मारिया म्हण.' चोरी असो, चहाडी असो, दारू पिऊन बायकोवर हात उचललेला असो, प्रायश्चित्त तेच. प्रार्थनेला आमचा विरोध नाही. पण पापमुक्तीने अपराध जातो, अपराधाने झालेली मोडतोड तशीच उरते, हे ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथातच (१४५९) सांगितले आहे: चोरलेले परत करणे, बदनाम केलेल्याचे नाव पुन्हा उभे करणे, इजा झाली असेल तर भरपाई देणे, एवढे तर साधा न्यायही मागतो. लूकच्या शुभवर्तमानातल्या जक्कय जकातदाराने, जो येशूला पाहायला झाडावर चढला होता, हे न सांगता ओळखले. कोणाचे अन्यायाने घेतले असेल तर चौपट परत करतो, असे तो आपण होऊन म्हणाला. आपल्या वर्गात जक्कयाचे झाड रंगवले जाते. चौपटीचा हिशेब कोणी करून घेत नाही.

भरपाईचे नियम जुने आहेत आणि शहाणपणाचे आहेत. ते शिकवायला हवेत. चोरलेले मूळ मालकाला द्यायचे, तो वारला असेल तर वारसांना, कोणीच सापडत नसेल तर गरिबांना. एकदम देता येत नसेल तर हप्त्याने, पण सुरुवात लगेच करायची. आपले नाव उघड करण्याची सक्ती नाही. पाकिटात घालून पाठवता येते, धर्मगुरूच्या हस्तेही पोहोचवता येते. मालकाला देण्याऐवजी देवळाच्या पेटीत टाकून मोकळे होता येत नाही, कारण ते पैसे आपले नसतातच. परत करण्याचा इरादाच नसेल आणि परत करणे शक्य असेल, तर तिथे पश्चात्तापच नाही, आणि धर्मगुरूने ते प्रेमाने पण स्पष्ट सांगायला हवे.

बदनामीत एक बारीक फरक आहे. खोटे पसरवले असेल तर ज्यांच्यापुढे पसरवले त्यांच्यापुढेच 'मी बोललो ते खोटे होते' असे सांगायचे. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात लिहिले असेल तर त्याच गटात लिहायचे. नुसते पुसून टाकणे पुरेसे नाही, वाचणाऱ्यांनी ते वाचलेले असते. पण खऱ्या दोषाचा विनाकारण बोभाटा केला असेल तर ते खोटे होते असे म्हणता येत नाही, ते नवे असत्य होईल. तिथे त्या व्यक्तीचे जे चांगले आहे ते त्याच लोकांत बोलायचे आणि विषय पुन्हा निघाला तर आपण थांबवायचा.

प्रायश्चित्त देणाऱ्या धर्मगुरूंना आमची विनंती आहे की ते पापाच्या जातीला साजेसे असावे, नेमके असावे आणि पुरे होणारे असावे. 'आईशी चांगले वाग' हे पुरे केव्हा झाले हे कसे कळणार? 'येत्या रविवारपर्यंत आईला फोन कर आणि तिचे बोलणे मध्ये न तोडता ऐक', हे कळते. 'रोज वर्षभर रोझरी' असे जड ओझे तिसऱ्या आठवड्यात गळून पडते आणि मागे नवी अपराधी भावना ठेवून जाते. प्रायश्चित्त असेही नसावे की ते करताना पाहून इतरांना पाप ओळखता यावे. त्यात धर्मग्रामाला किंवा स्वतः धर्मगुरूला पैसा मिळेल असे काही तर मुळीच नको. दंडमाफीच्या, म्हणजे पापाची शिक्षा माफ करण्याच्या, नावाखाली झालेल्या व्यापाराने १५१७ मध्ये लूथरचा विरोध कसा पेटला हे आपल्याला माहीत आहे. ट्रेंटच्या परिषदेने १५६३ साली त्या पैशाच्या व्यवहारावर बंदी घातली ती उगीच नव्हे. आणि सांगितलेले प्रायश्चित्त एखाद्याला झेपणारच नसेल तर 'फादर, हे मला जमणार नाही, दुसरे द्या' असे तिथल्या तिथे म्हणण्याची त्याला मुभा आहे. ही मुभा आपण कोणालाच शिकवत नाही.

ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याशी आपण कसे वागतो, यावर ख्रिस्तसभेची क्षमेची शिकवण खरी ठरते. मारझोड सहन करणारी बाई जाळीपाशी येऊन 'मला नवऱ्याचा राग येतो' असे पाप म्हणून सांगते. तिला 'क्षमा कर आणि घरी जा' हे प्रायश्चित्त म्हणून देणे चूक आहे. क्षमा करणे म्हणजे सूड सोडणे, त्या माणसाचे वाईट न चिंतणे. पुन्हा त्याच छताखाली राहायला जाणे म्हणजे क्षमा नव्हे, तक्रार मागे घेणे म्हणजेही नव्हे. मत्तयच्या अठराव्या अध्यायात सत्तर वेळा सातची आज्ञा आहे, आणि त्याच अध्यायात तिच्या आधी, चुकणारा ऐकत नसेल तर साक्षीदार घे, मंडळीला कळव, ही पायरीपायरीची रीतही आहे. दोन्ही येशूचेच शब्द आहेत. लैंगिक अत्याचार झालेले मूल ते 'पाप' म्हणून सांगू लागले तर त्याला तिथेच, त्याच वाक्यात, 'यात तुझे पाप नाही' असे सांगितले पाहिजे. त्यासाठी प्रायश्चित्त द्यायचे नाही. धर्मगुरूला ते बाहेर बोलता येत नाही, म्हणून तर मुलाला 'हे पापनिवेदनाबाहेर मला किंवा विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांग, आपण मदत मिळवू' असे म्हणणे आणखीच गरजेचे.

गुप्ततेचे नियम धर्मगुरूंना ठाऊक असतात, इतरांना नसतात. दुभाष्याला आणि कानावर चुकून काही पडलेल्या प्रत्येकाला गुप्तता पाळावीच लागते. पापनिवेदनाचे ध्वनिमुद्रण करणे हा चर्चच्या कायद्यात गुन्हा आहे. २०२१ च्या सुधारणेनंतर तो १३८६ व्या कलमात आहे. त्याच कलमानुसार गुप्तता थेट मोडणारा धर्मगुरू आपोआप बहिष्कृत होतो. देवळात सुरक्षेसाठी कॅमेरे लावले असतील तर पापनिवेदनाच्या जागी आवाज टिपणारे यंत्र नाही ना, हे धर्मग्राम परिषदेने स्वतः तपासावे. फादर, निवेदनात ऐकलेले प्रवचनात उदाहरण म्हणून, नाव न घेता का होईना, आणू नका. लोक अंदाज बांधतात, आणि रांग पुढच्या महिन्यात आटते.

धर्मशिक्षकांना एक कळकळीची विनंती. मुलांकडून पापांची यादी कागदावर लिहून घेऊन ती 'तपासणे' आजच थांबवा. स्वतःला आठवावे म्हणून मुलाने लिहिले तर लिहू द्या, पण तो कागद त्याच्या खिशातून बाहेर येता कामा नये, आणि निवेदनानंतर त्याने तो फाडून टाकावा. 'तू काय सांगितलेस? फादर काय म्हणाले?' हे घरीही विचारायचे नाही, हे पालकांच्या सभेत सांगा. सात-आठ वर्षांच्या मुलाला मोठ्यांच्या पापांची नावे असलेली यादी देऊ नका. शब्द कळत नाहीत म्हणून मुले न केलेले पाप सांगून मोकळी होतात.

थोडे व्यवस्थेविषयी. मिस्सेआधी पंधरा मिनिटे एवढीच वेळ ठेवली तर घाई होणारच. प्रायश्चित्तकाळात सामुदायिक प्रार्थना आणि त्यानंतर एकेकाचे निवेदन ही दुसरी पद्धत उत्तम, पण तिचा हिशेब आधी करा. २०० माणसे आणि ४ धर्मगुरू असतील, प्रत्येकाला ३ मिनिटे लागली, तर अडीच तास होतात. शेजारच्या धर्मग्रामांतून आणखी चार धर्मगुरू बोलवा, नाहीतर दोन संध्याकाळी ठेवा. सणाची गर्दी आहे म्हणून सर्वांना एकत्र पापमुक्ती देता येत नाही. ती मरणाच्या धोक्यात किंवा खऱ्या गंभीर गरजेत, आणि ती गरज बिशपच ठरवतात. फोनवरून पापमुक्ती होत नाही. जाळी असलेली जागा असावीच, कारण काहींना समोरासमोर बोलणे जमत नाही आणि तो त्यांचा हक्क आहे. बोलणे इतरांच्या कानावर पडू नये म्हणून रांग तिथून पुरेशी दूर उभी करा; पंखा आणि हळू वाजणारे भक्तिगीत यांचाही त्यासाठी उपयोग होतो. वसतिगृहाचे किंवा सेमिनरीचे (धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थेचे) प्रमुख असलेल्या धर्मगुरूंनी तिथल्या मुलांचे पापनिवेदन, मुलांनी आपण होऊन मागितल्याशिवाय, ऐकू नये, असा ९८५ व्या कलमाचा नियम आहे. बाहेरचा धर्मगुरू महिन्यातून एकदा बोलवणे हा त्यावर सोपा उपाय.

राखेच्या बुधवाराच्या आत धर्मग्रामाच्या फलकावर दोन गोष्टी लागाव्यात एवढे आमचे मागणे आहे. पहिली, आठवड्यातले पापनिवेदनाचे ठरलेले दिवस आणि तास; मिस्सेला जोडून नसलेला निदान एक तास त्यात असावा. दुसरी, चार ओळींची सूचना: घेतलेले परत करा, खोटे बोललात तिथेच ते दुरुस्त करा, कसे करायचे हे कळत नसेल तर निवेदनातच विचारा, नाव उघड न करता करता येते. त्यानंतरच्या रविवारच्या धर्मशिक्षण वर्गात जक्कयाचा धडा घ्या आणि त्याने काय परत केले, कोणाला, किती, हे मुलांनाच मोजायला सांगा.

प्रभूमध्ये आपले,
संस्कारांच्या तयारीचे काम करणारे प्रापंचिक